पेव्हर ब्लॉकवर आणि भिंतीवर मुलांसाठी घरचा रंग: धुऊन निघणारा कसा करायचा?

रानजाई

मे महिन्यात सोसायटीच्या आवारात ४ ते ९ वर्षांच्या साधारण २५ मुलांसाठी रंगकाम ठेवायचं आहे. जागा दोन आहेत. एक, सिमेंटचे पेव्हर ब्लॉक घातलेलं पार्किंग. दुसरी, कंपाउंड वॉलचा १५ फुटी तुकडा. ब्लॉकवरचं काम त्याच दिवशी निघालं पाहिजे, कमिटीची अटच आहे तशी. भिंतीवरचं पावसाळ्यापर्यंत टिकलं तर उत्तम. ॲक्रिलिक किंवा डिस्टेंपर नको आहे.

आतापर्यंत करून पाहिलेलं:

१. मैदा + गार पाणी + खायचा लिक्विड रंग. वाळल्यावर पापुद्रे सुटले, सकाळी मुंग्यांची रांग, आणि उरलेल्या डब्याला आंबूस वास.
२. कॉर्नफ्लोअर गरम पाण्यात. गुठळ्या झाल्या, मग सगळं जेलीसारखं.
३. हळद + कपड्याच्या साबणाचं पाणी. पिवळा सोडून विटकरी रंग आला. नुसती हळद कालवली तरी नव्या ब्लॉकवर लालसर दिसते.
४. बिटाचा रस. संध्याकाळपर्यंत मळकट तपकिरी.

नेमकं प्रमाण, २५ मुलांना किती लागेल आणि निळा कशाचा करायचा, एवढं सांगाल का?

---

काथ्याकुंचा

दोन जागांना दोन वेगळे रंग करावे लागतील. एकाच डब्यात दोन्ही कामं होत नाहीत, कारण फरक स्टार्चचा आहे. कच्चा स्टार्च चिकटत नाही, नुसता वाळून बसतो आणि झाडला की निघतो. शिजलेला स्टार्च म्हणजे खळ, ती धरून ठेवते. तुमच्या दुसऱ्या प्रयोगात गरम पाण्याने कॉर्नफ्लोअर अर्धवट शिजलं. बाहेरून शिजलेला, आतून कोरडा असा गोळा झाला की तो कितीही ढवळा, मोडत नाही.

जमिनीचा रंग (निघणारा): १ वाटी कॉर्नफ्लोअर, १ वाटी गार पाणी. वाटी १५० मिलिची धरली तर कॉर्नफ्लोअर ८०-९० ग्रॅम भरतं. पाणी आधी भांड्यात घ्या आणि पीठ वरून भुरभुरत टाका. उलट केलंत तर तळाशी घट्ट थर बसतो आणि चमचा रुतून बसतो. रंग दुधासारखा वाहायला हवा. चमचा जोरात फिरवल्यावर घट्ट लागतो आणि सोडला की वाहतो, असं झालं तर पीठ जास्त झालंय, दोन चमचे पाणी घाला. शेवटी भांडी घासायच्या जेलचे ३-४ थेंब. त्याने रंग सारखा पसरतो आणि निघताना सोपा जातो. कपड्याचा साबण नको, का ते खाली कोणीतरी सांगेलच.

२५ मुलांना तासाभरात डोई १०० मिलि पुरतो. १ किलो कॉर्नफ्लोअर आणि पावणेदोन लिटर पाणी घेतलं की साधारण २.४ लिटर रंग होतो. पीठ पाण्यात मुरतं, म्हणून १ वाटी अधिक १ वाटी म्हणजे २ वाट्या असा हिशोब करू नका. हातात जेमतेम सव्वा ते दीड वाटी येते.

रंग तळाशी बसतो. पाच मिनिटं डबा तसाच राहिला की वर रंगीत पाणी आणि खाली पांढरा दगड. मुलं मग वरचं पाणीच फासतात, आणि हेच रंगीत पाणी ब्लॉकमध्ये मुरून डाग करतं. प्रत्येक डब्यात आइस्क्रीमची काडी ठेवा आणि "ब्रश बुडवण्याआधी एकदा ढवळ" हा नियम करा. डबे लहान घ्या, श्रीखंडाचे पाव किलोवाले बरोबर.

ओला असताना हा रंग फिका, जवळजवळ पारदर्शक दिसतो. मुलं म्हणणार "दिसतच नाही" आणि थरावर थर चढवणार. दहा मिनिटांनी वाळला की उठून दिसतो. पहिला पट्टा तुम्ही मारून वाळलेला दाखवा, म्हणजे विश्वास बसेल.

भिंतीचा रंग (टिकणारा): मोठे ३ चमचे मैदा किंवा तांदळाची पिठी अर्धी वाटी गार पाण्यात कालवा. २ वाट्या पाणी उकळत ठेवून त्यात ही पेज सोडा आणि मंद आचेवर ३-४ मिनिटं हलवा. पांढरेपणा जाऊन काचेसारखी झाली की खळ झाली. उतरवताना चिमूटभर तुरटीची पूड घाला. पूर्ण गार होऊ द्या. मग १ वाटी खळ, १ वाटी खडूची पावडर (हार्डवेअरच्या दुकानात व्हायटिंग म्हणून मिळते), लागेल तसं अर्धी वाटीपर्यंत पाणी, आणि रंगासाठी गेरू. खळ जास्त झाली की पापुद्रे सुटतात. कमी झाली की भिंतीला टेकणाऱ्याच्या पाठीवर नक्षी उमटते. बोट घासून बघा: किंचित पूड लागली तर बरोबर, बोट रंगलं तर अजून दोन चमचे खळ.

खळ त्याच दिवशीची वापरा. उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी ती आंबलेलीच असते. फ्रिजमध्ये तीनेक दिवस राहते, पण डब्यावर मोठ्या अक्षरात लिहा, नाहीतर कोणीतरी खीर समजून काढतं.

---

पळसफूल

रंगांचं मी सांगते.

हळद हा घरात मिळणारा लिटमस कागद आहे. अल्कली लागली की ती लाल होते. कुंकू पूर्वी हळदीला चुन्याची निवळी किंवा टाकणखार लावूनच करत. कपड्याचा साबण अल्कलीच, आणि ताजं सिमेंटही अल्कलीच, म्हणून नवे ब्लॉक हळदीला लाल करतात. जुने ब्लॉक हवेने मवाळ झालेले असतात, त्यांच्यावर पिवळा पिवळाच राहतो. त्यातून हळद उन्हात उडते, दोन दिवसांत फिकी. म्हणजे धुऊन निघत नाही आणि टिकतही नाही, दोन्हीकडून पंचाईत! पिवळ्यासाठी पिवडी घ्या. गेरूची बहीणच आहे ती, उन्हाने उडत नाही.

बिटाचा रंग ऊन, उष्णता आणि अल्कली तिन्हींनी मोडतो. त्याच्या नादी लागू नका. पालकाचा हिरवाही तसाच, तासाभरात शेवाळी.

निळ्यासाठी गोकर्णाची १५-२० फुलं अर्ध्या वाटी कडकडीत पाण्यात दहा मिनिटं ठेवून गाळा आणि गार झाल्यावरच कॉर्नफ्लोअरमध्ये घाला. लिंबाचे थेंब टाकले की जांभळा, खायचा सोडा टाकला की हिरवट. नव्या सिमेंटवर तो आपोआप हिरवट पडेल, ते चुकलं असं समजू नका. गडद निळा या फुलाने येत नाही. तो हवा असेल तर खायचा निळा पावडर रंग, वाटीला पाव चमच्याच्याही निम्मा, चमचाभर पाण्यात आधी विरघळवून. पाकिटावर एफएसएसएआयचा परवाना क्रमांक बघून घ्या, सुटा रंग नको. आणि कपड्याची लिक्विड नीळ तर अजिबात नको. हात चार दिवस निळे राहतात.

गेरू बाजारातून आणला की त्यात खडे असतात. १०० ग्रॅम गेरू अर्धा लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी ढवळा, अर्धा मिनिट थांबा आणि वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात नितळून घ्या. तळाची रेती टाकून द्या. दुसऱ्या भांड्यात चार तासांनी जो मऊ गाळ बसेल तो खरा रंग. वाटीभर मिश्रणाला २-३ चमचे पुरतो. रेतीसकट वापरला तर ब्रशचे केस आठवड्यात झडतात.

काळ्यासाठी लाकडी कोळसा पाट्यावर पाणी घालून वाटा, कोरडा कुटू नका. उरलेले खडूचे तुकडेही तसेच भिजवून वाटा, नाहीतर सगळी पूड नाकात जाते.

---

उंबरठा

नको त्या गोष्टींची यादी जोडतो, कारण असल्या कार्यक्रमाला कोणीतरी हौसेने घरातून काहीतरी घेऊन येतंच.

चुना नाही. पानाचा नाही, रंगाचा नाही, "थोडासाच" नाही. डोळ्यात गेला तर बुबुळ भाजतं. गेलाच तर लगेच नळाखाली निदान १५-२० मिनिटं डोळा उघडा धरून धुवायचा आणि थेट दवाखाना. कुंकू, शेंदूर, होळीचे उरलेले रंग, रंगीत रांगोळी: यांत काय घातलंय ते कळत नाही, शेंदरात तर शिसं असू शकतं. भिंतीच्या रंगात घालायचे स्टेनर मुलांच्या हाताला नकोत.

सोडा आणि व्हिनेगर घालून फसफसणारा रंग हल्ली सगळीकडे दिसतो. सिमेंटचा ब्लॉक एखाद्या वेळेला सोसेल, पण शहाबादी, कोटा, कडाप्पा हे सगळे चुनखडीचे दगड. व्हिनेगर किंवा लिंबू पडलं की तिथली चकाकी जाते ती जातेच. लिफ्टसमोरच्या फरशीवर हा खेळ झाला तर कमिटी पुढच्या वर्षी खडूसुद्धा आणू देणार नाही.

रॅम्पवर रंग नको. ओलं कॉर्नफ्लोअर गुळगुळीत फरशीवर तेलासारखं सरकतं. आणि कोणाला गव्हाची ॲलर्जी आहे का ते आधी विचारा. असेल तर खळ तांदळाची करा.

---

रानजाई

खूप उपयोगी, आभार. हळदीचं कोडं सुटलं. अजून दोन शंका. स्प्रे बाटलीत जमिनीचा रंग भरला तर चालेल का? मोठ्या मुलांना पानं ठेवून ठसे काढायचे आहेत. आणि पळसफूल, गेरू जमिनीवरूनही निघेल ना?

---

काथ्याकुंचा

चालेल, पण १ वाटी पिठाला अडीच वाट्या पाणी घ्या आणि सुती कापडातून गाळून भरा. बाटली अर्धीच भरा, म्हणजे हलवता येते. पंप तुंबला तर गरम पाण्याने धुवायचा मोह होतो, तो टाळा: आत राहिलेलं पीठ शिजून खळ होते आणि बाटली कायमची गेली. गार पाणी भरून दहा-बारा वेळा दाबा. खेळ संपल्यावर लगेच हेच करा, दुसऱ्या दिवशी केलं तर उपयोग नाही.

ठशांसाठी आंब्याची पानं फार टणक, वाऱ्याने उचलली जातात. पिंपळ, जास्वंद, पपई चांगली. पान ओलं करून चिकटवा, वर खडा ठेवा, आणि फवारा हातभर अंतरावरून. जवळून मारला की पानाखाली ओघळ जातो आणि कड फुटते.

---

पळसफूल

गेरू पाण्यात विरघळत नाही, कणच असतात, पण बारीक कण ब्लॉकच्या भोकांत बसतात. करड्या ब्लॉकवर तांबूस झाक आठवडाभर दिसू शकते. कमिटी कडक असेल तर गेरू फक्त भिंतीवर. उलट खायचा रंग विरघळतो, म्हणजे पाणी जिथे जाईल तिथे तोही जातो. त्यावर उपाय एकच: रंगवण्याआधी ब्लॉक पाण्याने नीट भिजवा आणि वर साचलेलं पाणी निथळू द्या. भोकं आधीच पाण्याने भरलेली असली की रंग आत कमी शिरतो.

आदल्या दिवशी कोपऱ्यातल्या एका ब्लॉकवर तळहाताएवढा पट्टा प्रत्येक रंगाचा मारा. तासभर उन्हात वाळू द्या, झाडा, धुवा. मग ब्लॉक पूर्ण वाळल्यावर बघा. ओल्या ब्लॉकवर डाग लपतो. लाल आणि निळा यांवरच बहुतेक वेळा अडतं. अडलं तर रंगाचं प्रमाण निम्मं करा, पांढऱ्या पिठावर फिकाही छान दिसतो.

---

उंबरठा

सफाईचं एक. लगेच पाण्याचा पाइप सोडू नका. रंग आधी पूर्ण वाळू द्या, खराट्याने झाडा, पूड सुपलीत भरून ओल्या कचऱ्यात टाका. मग पाणी. सगळं स्टार्च गटारात गेलं की तिसऱ्या दिवशी पार्किंगभर आंबूस वास सुटतो. मुंग्याही यानेच टळतात.

वेळ सकाळी ८ ते १० ठेवा. अकरानंतर ब्लॉक तापतात, रंग ब्रशवरच वाळतो आणि अनवाणी पोरं उड्या मारायला लागतात. कपड्यांवर गेरू लागला तर ओला चोळू नका, वाळवून झटका आणि मग धुवा. हळद लागलीच तर धुऊन कडक उन्हात वाळत घाला, ती उन्हानेच उडते.

ब्रश दोन इंची, हार्डवेअरच्या दुकानातले. शाळेच्या रंगपेटीतले बारीक ब्रश सिमेंटवर अर्ध्या तासात टकले होतात.