मदत हवी आहे: पंक शोचे फोटो काळे आणि हललेले येतात, शनिवारच्या आत उपाय सांगा

धूमकेतू८८
मंडळी, घाईत आहे, थेट मुद्द्यावर येतो. ऑफिसातल्या मित्राचा पंक, म्हणजे धडाधड वेगवान रॉक वाजवणारा, बँड आहे. मागच्या शोला फोटो काढले, सगळे एकतर काळेकुट्ट नाहीतर हललेले. गायकाच्या तोंडाच्या जागी नुसता लाल डाग. या शनिवारी परत शो आहे आणि फोटो देतो म्हणून सांगून बसलोय. सेटिंग काय ठेवू? नवीन कॅमेरा घे म्हणणाऱ्यांनी सोबत पैसेही पाठवावेत.

साशंक
कॅमेरा कुठला? लेन्स? मोड? जागा केवढी, तुम्ही उभे कुठे होता? गेलाबाजार शहर तरी सांगा. एवढंही न सांगता सेटिंग विचारायला इथे पिंगळा बसलेला नाही.

अभ्यासू अण्णा
मी बरीच वर्षं सवाई गंधर्व महोत्सवात फोटो काढतो आहे, त्या अनुभवावरून सांगतो. फ्लॅश अजिबात नको. कलाकाराची तंद्री मोडणं हे पाप आहे. ८५ मिमी एफ/१.८ लेन्स लावावी (एफचा आकडा लहान तितका प्रकाश जास्त), एका जागी बसावं आणि वाट पाहावी. तान संपवून गायक समेवर आला की क्षणभर चेहरा स्थिरावतो. बटण तेव्हाच दाबायचं.

पेठकरीण
अण्णा, तुम्ही समेची वाट बघेपर्यंत यांचं गाणं संपून पुढचं सुरू झालेलं असतं. दीड-दीड मिनिटाची गाणी.

वऱ्हाडी ठेचा
पंक म्हणजे ते केसांचा तुरा उभा करून, जाकिटाला सेफ्टी पिना लावून बोंबलतात तेच ना बे? आमच्या भाच्याला पण हा नाद लागला आहे. बारावी आहे यंदा. काय करावं?

मीनल_फ्रीमाँट
एवढा आटापिटा कशाला? आयफोनचा नाईट मोड वापरा. मंडळाच्या दिवाळी कार्यक्रमाचे सगळे फोटो मी फोनवरच काढले, सुरेख आले.

साशंक
मीनलताई, नाईट मोड एक-दोन सेकंद शटर उघडं ठेवतो. दिवाळीला लोक पोज देऊन उभे राहतात म्हणून चालतं. उड्या मारणारा माणूस त्यात पुसला जातो. धागाकर्त्याची तक्रार तीच तर आहे.

धूमकेतू८८
घ्या माहिती. निकॉन डी५६००, सोबत आलेली १८-५५ मिमी लेन्स. आधी ऑटो, नंतर एस मोड (शटरचा वेग आपण ठरवायचा). आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ४०० च्या वर नेत नाही, दाणे दिसतात. मागचा शो एका गोदामात होता, एकच लाल एलईडी. मी मागे भिंतीला टेकून ५५ वर झूम करून काढत होतो. बे एरियात (सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास) राहतो. शनिवारचा शो गिल्मन नावाच्या पंक क्लबात आहे. आता तरी कुणी उत्तर देईल का?

लेन्सलंपट
उत्तर सोपं आहे. लांबून, ५५ मिमीला, एफ/५.६ आणि आयएसओ ४०० वर हे होणारच. ३५ मिमी एफ/१.८ डीएक्स (तुमच्या कॅमेऱ्याच्या लहान सेन्सरसाठीची) घ्या, जुनी स्वस्तात मिळते. एफ/१.८, शटर १/२५० सेकंद, आयएसओ ६४००. लेन्समुळे तीन स्टॉपहून (एक स्टॉप म्हणजे दुप्पट) थोडा जास्त प्रकाश आणि आयएसओमुळे चार, म्हणजे सात स्टॉपचा फरक. दाण्यांचं टेन्शन सोडा. दाणेदार फोटो लोक बघतात, हललेला कोणी बघत नाही.
लाल एलईडीबद्दल: लाल चॅनेल इतर दोघांच्या आधी भरून फुटतो, म्हणून चेहऱ्यावर सपाट डाग दिसतो. रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढा, एक स्टॉप अंडर, म्हणजे थोडा काळसर ठेवा, फोटो बघताना आरजीबी हिस्टोग्राम (लाल-हिरव्या-निळ्याचा आलेख) लावा. त्यातूनही वाचलं नाही तर सरळ कृष्णधवल करा.

बर्कलीकर
गिल्मन म्हटल्यावर राहवलं नाही. अहो, नशीब काढलंत! ९२४ गिल्मन स्ट्रीट, बर्कली. १९८६ च्या ३१ डिसेंबरला पहिला शो झाला. चालवणारे सगळे स्वयंसेवक, सगळ्या वयाच्यांना प्रवेश, आत दारू नाही. ऑपरेशन आयव्ही, ग्रीन डे, एएफआय ही सगळी मंडळी तिथे वाजवून पुढे गेली.
आणि फोटोंचं म्हणाल तर हा प्रश्न त्या भागात कधीच सुटलेला आहे. मरे बोल्स नावाचा माणूस ऐंशीच्या दशकापासून ईस्ट बेच्या (बर्कलीच्या बाजूच्या) पंक शोंना गर्दीत घुसायचा, कॅमेरा डोक्यावर उंच धरायचा आणि व्ह्यूफाइंडरला डोळा न लावता फ्लॅश मारायचा. २०१९ मध्ये गेला. त्याचे फोटो बघा. गायक आणि त्याच्या अंगावर पडणारी पोरं एकाच चौकटीत, सगळ्यांचे चेहरे स्वच्छ. माईक कुणाच्या तोंडाशी आहे तेच कळत नाही. महागडी लेन्स लावून मागच्या भिंतीपासून हा फोटो जन्मात मिळणार नाही.

लेन्सलंपट
समोरून मारलेला फ्लॅश म्हणजे पासपोर्टचा फोटो. स्टेजच्या प्रकाशाचा सगळा मूड मारून टाकता तुम्ही.

बर्कलीकर
कसला मूड? एक लाल दिवा?

अभ्यासू अण्णा
फ्लॅशबाबत मी आधीच लिहिलं आहे. शिवाय व्यावसायिक मैफलींमध्ये "पहिली तीन गाणी, फ्लॅश नाही" हा जगभरचा नियम आहे.

बर्कलीकर
अण्णा, तो मोठ्या स्टेडियमवाल्यांचा नियम. तिथे स्टेज आणि प्रेक्षकांत कठडा असतो, फोटोग्राफरांना पास देऊन त्या पट्ट्यात सोडतात आणि तीन गाण्यांनंतर बाहेर काढतात. इथे कठडाच नाही, स्टेज बुटकं. फ्लॅश चालेल का हे बँडला शो आधी विचारायचं, बस्स. काही लोकांना लखलखाटाचा त्रास होतो, फिट येऊ शकते. नको म्हणाले तर लेन्सलंपट यांची ३५ मिमी आहेच.

पेठकरीण
सवाई आणि पंक एकाच तराजूत घालायचं थांबवूया का? धाग्याचा काश्मीर होतोय, वाद मिटतच नाही.

साशंक
गणित करून बघितलं. बर्कलीकर म्हणतात ते धागाकर्त्याच्या आहे त्या सामानात जमतं. १८ मिमी, एफ/८, फोकस मॅन्युअल करून २ मीटरवर. या सेन्सरवर साधारण १ मीटरपासून अनंतापर्यंत सगळं धारदार येतं, म्हणजे अंधारात फोकस शोधत बसणं नाही. डी५६०० च्या अंगच्या फ्लॅशचा गाइड नंबर (पल्ला काढायचा आकडा) १२ आहे, आयएसओ १०० ला. १६०० ला तो चौपट, ४८. भागिले एफचे ८ केलं की ६ मीटर. गर्दीत पुढे उभं राहणाऱ्याला तेवढं पुष्कळ.
दोन गोष्टी विसरू नका. लेन्सचा हूड (पुढची कडी) काढा, नाहीतर १८ ला खाली त्याची सावली पडते. आणि या फ्लॅशला दोन झटक्यांत थोडा दम खावा लागतो, त्यामुळे धडाधड फोटो निघणार नाहीत. क्षण निवडायचा.

धूमकेतू८८
धन्स! खर्च नाही हे सगळ्यात आवडलं. शटर किती?

साशंक
१/२०० हून वेगवान जात नाही फ्लॅशबरोबर. माणूस गोठवायचं काम फ्लॅशची चमकच करते, ती फार कमी वेळ टिकते. पार्श्वभूमी काळी चालणार असेल तर १/२०० च ठेवा. दिव्यांच्या रेषा हव्या असतील तर १/१५ आणि फ्लॅश 'रिअर'वर, म्हणजे शटर बंद होता होता उडणारा. मग रेषा माणसाच्या मागे राहते, पुढे पळत नाही.

लेन्सलंपट
१/१५ वर डोक्यावर कॅमेरा धरून? बघू काय येतं ते. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

जुहूचा म्हातारा
वाचून मुंबईचं रंगभवन आठवलं. धोबीतलावला इंडिपेंडन्स रॉक या रॉक महोत्सवाला जायचो, चामड्याचं जाकीट घालून, त्या घामट हवेत. नंतर शांतता क्षेत्राच्या नियमामुळे तिथलं सगळंच थांबलं. आजच्या मुंबईच्या पोरांना तसं उघड्या आभाळाखाली मिळत नाही. आणि ग्रीन डेला गिल्मनमध्ये बंदी होती असं ऐकलंय, खरं का? बंदी कसली घालायची एवढ्या मोठ्या बँडला!

बर्कलीकर
खरं आहे. मोठ्या रेकॉर्ड कंपनीच्या बँडने तिथे वाजवायचं नाही असा नियम होता. १९९३ मध्ये त्यांनी करार केला आणि दार बंद. २०१५ मध्ये परत वाजवलं, आगीत नुकसान झालेल्या एके प्रेस या प्रकाशनाच्या मदतीसाठी.

वऱ्हाडी ठेचा
म्हणजे प्रसिद्ध झालात की बाहेर? लय भारी शाळा आहे ही.

मीनल_फ्रीमाँट
माझा प्रश्न वेगळा आहे. धक्काबुक्की होते ना तिथे? हजार डॉलरची वस्तू डोक्यावर धरून उभं राहायचं म्हणजे...

बर्कलीकर
ताई, मधोमध पिट (एकमेकांना धडकत नाचायची जागा) असतो, धक्के तिथे. स्टेजच्या कोपऱ्याला उभं राहिलं तर एका बाजूने स्टेजचा आधार मिळतो. पट्टा मनगटाला दोन वेढे देऊन गुंडाळायचा, गळ्यात नाही, कुणाचा तरी हात अडकतो. पाठीवर बॅग नको. चष्मा असेल तर दोरी. समोर कोणी पडलं तर फोटो नंतर, आधी हात देऊन उठवायचं. तिथे ही रीत सगळे पाळतात.
अजून एक. सगळ्या वयाचे लोक असतात, म्हणजे शाळकरी पोरंही. त्यांचे चेहरे विचारल्याशिवाय आंजावर (इंटरनेटवर) टाकू नका. आणि फोटो नुसते बँडला देऊ नका. बोल्स स्वतः प्रिंट काढून पुढच्या शोला खोक्यात घेऊन यायचा, लोक आपापले फोटो शोधून स्वस्तात विकत घ्यायचे.

पेठकरीण
आणि धागाकर्ते, सगळे बँड काढत बसू नका. मित्राच्या बँडची पहिली चार गाणी काढा, मग कॅमेरा बॅगेत, बॅग ओळखीच्या माणसाकडे, आणि तुम्ही मधोमध. मी पुण्यात बहिणीच्या शोला हेच करते. स्क्रीनकडे बघत ऐकलेलं गाणं दुसऱ्या दिवशी आठवत नाही.

अभ्यासू अण्णा
याला मात्र अनुमोदन.

डॉ. कर्णपिशाच्च
कानांबद्दल एकाने लिहू नये? कोपऱ्याला उभं राहा म्हणताय, तिथेच स्पीकर असतो. ८५ डेसिबल आठ तास चालतात, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. १०० ला पंधराच मिनिटं उरतात. छोट्या बंद जागेत ड्रमसमोर १०० सहज होतात. इअरप्लग घाला. शो संपल्यावर कानात शिट्टी वाजत असेल तर तो कौतुकाचा विषय नाही.

धूमकेतू८८
मित्राला विचारलं, फ्लॅश चालेल म्हणाला, "जितका जास्त तितका बरा". आता दोनच प्रश्न. इअरप्लग आज रात्री कुठे मिळतील? आणि बार्टने (इथली लोकल रेल्वे) आलो तर नॉर्थ बर्कली स्टेशनपर्यंत रात्री चालत परत जाणं ठीक आहे का, की गाडीच आणू?

डॉ. कर्णपिशाच्च
कुठल्याही औषधाच्या दुकानात फोमचे. वळकटी करून आत घाला, फुगेपर्यंत बोटाने दाबून धरा. नुसते टोकाला अडकवले तर उपयोग शून्य.

मीनल_फ्रीमाँट
गाडी आणा. मी फ्रीमाँटहून येणार आहे म्हणजे माझा मुलगा येणार आहे, मी बाहेर गाडीत बसेन. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.