४.४ मिमी बॅलन्स्ड आउटपुटवरून आरसीए स्पीकर लावायचे आहेत, सल्ला हवा

मध्यलय: नमस्कार मंडळी. माझ्या डॅक-अ‍ॅम्पचा (डिजिटल आवाज अ‍ॅनालॉग करून हेडफोन चालवणारा डबा) ३.५ मिमीचा जॅक सैल झालाय, एक बाजू मधूनच जाते. ४.४ चा बॅलन्स्ड जॅक (डाव्या-उजव्या बाजूला अधिक आणि वजा अशा वेगळ्या तारा असलेला) मात्र ठणठणीत आहे. टेबलावरच्या पॉवर्ड स्पीकरना फक्त आरसीए (मधे पिन, बाहेर कडं असलेली जोडणी) इनपुट आहे. ४.४ ते दोन आरसीए अशी तयार केबल मागवली, विकणारा म्हणतो कशालाही चालते. तीन दिवस झाले, लावायचा धीर होत नाही. लावू का?

कथील: थांबलात ते फार बरं केलंत. बॅलन्स्डमधली डावी वजा आणि उजवी वजा ही ग्राउंड, म्हणजे शून्य व्होल्टची सामाईक तार, नव्हे. त्या प्रत्येक तारेमागे वेगळा अ‍ॅम्प असतो आणि तो उलट्या फेजचा सिग्नल देत असतो. ती ग्राउंडला टेकली की आउटपुट शॉर्ट. अशा अ‍ॅम्पचा आउटपुट इंपीडन्स (आतला अडथळा) बहुतेक वेळा एक ओहमच्याही खाली असतो, म्हणजे करंट अडवायला मधे काही नाहीच. प्रोटेक्शन असेल तर वाचेल, नाहीतर चिप गेली.

केबल मल्टिमीटरच्या कंटिन्युइटीवर (जोड असेल तर बीप येते) तपासा. ४.४ च्या पिनवर टोक म्हणजे डावी अधिक, मग क्रमाने डावी वजा, उजवी अधिक, उजवी वजा, आणि मुठीकडचा स्लीव्ह ग्राउंड. आरसीएच्या बाहेरच्या कड्याला एक प्रोब लावा. बीप फक्त स्लीव्हला यायला हवी.

मध्यलय: आत्ताच बघितलं. डाव्या कड्याची बीप डाव्या वजाला येते, उजव्याची उजव्या वजाला. स्लीव्ह कशालाच जोडलेला नाही. पण दोन वजा एकमेकींना टेकत नाहीत, मग चालेल ना?

कथील: अजिबात लावू नका. केबलमध्ये त्या वेगळ्या दिसतात, पण स्पीकरच्या आत दोन्ही कडी एकाच ग्राउंडला जातात. शॉर्ट तिथे होतो. नुसती केबल तपासून समाधान मानणारे इथेच फसतात.

षड्ज: मी ट्रान्सफॉर्मर वापरतो. अधिक-वजा प्रायमरीला (आत येणाऱ्या गुंडाळीला), सेकंडरी (बाहेर जाणारी) आरसीएला. जेन्सन, लुंडाल या कंपन्यांचे उत्तम, पण महाग. स्वस्तातल्यात खालचे स्वर दबतात, पखवाजाचा धुमा लगेच सांगतो. मला तरीही तोच मार्ग आवडतो, कारण लॅपटॉपमुळे येणारा ग्राउंड लूपचा (ग्राउंड दोन वाटांनी जोडल्यामुळे होणारा) हम्मही तुटतो.

रात्रपाळी: माझ्या हेडफोनला ४.४ ची पिन आहे, तो अ‍ॅडाप्टर लावून ३.५ च्या जॅकवर ऐकतो. तेही बंद करू?

कथील: नाही, ते सुरक्षित आहे. तिथे दोन्ही वजा हेडफोनच्या बाजूला एकत्र येतात आणि जॅकच्या ग्राउंडला मिळतात. उलटा अ‍ॅडाप्टर, म्हणजे ३.५ चा हेडफोन ४.४ च्या जॅकवर, तो घातक.

मध्यलय, ट्रान्सफॉर्मर नको असेल तर नवी केबल करा. टोक डाव्या आरसीएच्या मधल्या पिनला, उजवी अधिक उजव्याच्या, दोन्ही कडी स्लीव्हला, दोन्ही वजा मोकळ्या. त्याआधी अ‍ॅम्पच्या ४.४ जॅकचा स्लीव्ह खरोखर ग्राउंडला आहे का ते अ‍ॅम्प बंद ठेवून पाहा. काही अ‍ॅम्पमध्ये तो जोडलेलाच नसतो. आवाज निम्म्या व्होल्टेजचा, म्हणजे ६ डेसिबल कमी मिळेल. ४ व्होल्टचे २ होतील, आरसीएला तेवढे पुरतात.

मध्यलय: पुण्याच्या तपकीर गल्लीतून पिन आणली, काल रात्री केबल केली. जॅकचा स्लीव्ह ग्राउंडला होता. अ‍ॅम्प बंद असताना केबल खोचली, व्हॉल्यूम शून्यावर ठेवून अ‍ॅम्प चालू केला, स्पीकर सगळ्यात शेवटी. दोन तास वाजतोय, अ‍ॅम्प गार आहे, दोन्ही बाजू स्वच्छ. जुनी केबल कापून टाकली, घरात दुसऱ्या कुणी लावायला नको.