टीव्हीखालचा पीसी तापतो आणि मधेच गोठतो, कुलर बदलू की सगळा डबाच बदलू?

रिमोटवाला:
मंडळी, सल्ला हवाय. टीव्हीला जोडलेला एक पीसी आहे, सिनेमे, गाणी आणि थोडं यूट्यूब एवढ्यासाठीच. आडवी बारीक केस, इंटेलचा चौथ्या पिढीचा आय३ प्रोसेसर, ८ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, विंडोज १० साटा एसएसडीवर आणि सिनेमे ४ टीबीच्या हार्डडिस्कवर. प्लेअर म्हणून कोडी. बरीच वर्षं बिनबोभाट चालला, आता काही महिन्यांपासून मधेच गोठतो. कधी सिनेमा ऐन रंगात असताना, कधी नुसता मेन्यू उघडा असतो तेव्हाही. निळा स्क्रीन येत नाही, आपोआप रिस्टार्ट होत नाही, पॉवर बटण दाबून धरलं की मगच सुटका. केसच्या झाकणावर हात ठेववत नाही इतकं गरम लागतं. टीव्हीच्या कपाटात बंद कप्प्यात ठेवलाय, वर अँप्लिफायर. घरात सगळे म्हणतात कुलर बदल, दुकानदार म्हणतो नवीनच घ्या. कुणी हे निस्तरलंय का? कुठला कुलर घेऊ?

सावकाश:
थांबा, अजून काहीच विकत घेऊ नका. झाकण गरम आहे म्हणून त्यामुळेच गोठतो असं आपण धरून चालतो आणि तिथेच पैसे वाया जातात. प्रोसेसर फार तापला की आधी स्वतःचा वेग कमी करतो, म्हणजे सिनेमा अडखळतो, आवाज पुढे आणि चित्र मागे असं होतं, आणि तरीही भागलं नाही तर मशीन एकदम बंद पडतं. इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरांना ही मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते. तुमचं मशीन बंद पडत नाही, चित्र जागच्या जागी थिजतं, आणि ते सुद्धा रिकामा मेन्यू असताना. म्हणून मला तरी ही दोन वेगळी दुखणी वाटतात, एक तापण्याचं आणि एक गोठण्याचं. दोन्हींचा एकमेकांशी संबंध असेलही, पण तो मोजून ठरवायचा.

एचडब्ल्यूइन्फो हे तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर टाका, फक्त सेन्सरवाला पर्याय निवडा आणि लॉगिंग चालू करून ठेवा, ते दर दोन सेकंदांनी तापमान फाइलमध्ये लिहीत राहतं. गोठलं की लॉगची शेवटची ओळ बघायची. तिथे ९८ दिसलं तर गोष्ट वेगळी आणि ५० दिसलं तर वेगळी.

आणि पुढच्या वेळी गोठल्यावर लगेच पॉवर बटण दाबू नका. वायरचा कीबोर्ड लावून नम लॉक दाबा. दिवा चालू-बंद होतोय म्हणजे विंडोज आत जिवंत आहे. मग विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबा, त्याने ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. चित्र परत आलं तर संशय ड्रायव्हरवर किंवा एचडीएमआयवर. टीव्ही बंद करून चालू केल्यावर किंवा इनपुट बदलल्यावर चित्र गेलं तर ते बहुतेक एचडीएमआयचंच लफडं असतं, पीसी बिचारा व्यवस्थित चालू असतो. दिवाच हलत नसेल तर मग रॅम, मदरबोर्ड, पॉवर सप्लाय इकडे बघायचं. मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर लावून ठेवा, एक जरी एरर आली तरी एकेक रॅमची पट्टी काढून परत तपासा.

धूळभेट:
वरच्यांना अनुमोदन, पण साफसफाई करूनच घ्या, त्याला पर्याय नाही. कुलर काढून बघा, पंखा आणि त्याखालच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांमध्ये धुळीचा थर बसलेला असतो तो वरून दिसत नाही, पंखा फिरताना दिसतो म्हणून आपण खूश असतो आणि हवा मात्र पलीकडे जातच नाही. हवा मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, मोकळा गरगरू दिला तर बेअरिंग जातं. इंटेलच्या सोबत येणाऱ्या कुलरला चार प्लास्टिकच्या खुंट्या असतात, त्यातली एखादी सुटून कुलर एका बाजूने उचललेला असतो, हे मी फार वेळा बघितलंय. थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसरची उष्णता कुलरपर्यंत पोचवणारा लेप, इतक्या वर्षांत वाळली असणार, जुनी पूर्ण पुसून आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करा आणि मधोमध वाटाण्याएवढी नवीन लावा.

झाकण उघडलंच आहे तर मदरबोर्डवरचे कपॅसिटर, म्हणजे ती छोटी उभी नळकांडी, बघा, डोकं फुगलेलं किंवा चिकट तपकिरी काही बाहेर आलेलं दिसलं तर तो बोर्ड गेला समजा. पॉवर सप्लाय स्वतः उघडायचा नाही हं, प्लग काढल्यावरही आत चार्ज राहतो. तापमान १० अंशांनी वाढलं की इलेक्ट्रोलाइटिक कपॅसिटरचं आयुष्य साधारण निम्मं होतं, म्हणून बंद कप्प्यातल्या मशीनचा पॉवर सप्लाय लवकर म्हातारा होतो. अँप्लिफायर पीसीच्या वर ठेवलाय ते तर आजच बदला, दोघं एकमेकांना शिजवतायत.

चौथा फाटा:
तापण्याचं कारण मला वेगळंच दिसतंय. सिनेमे कुठल्या प्रकारचे आहेत? हल्लीच्या बऱ्याच फाइली एचईव्हीसी म्हणजे एच २६५ या व्हिडिओ दाबून साठवायच्या पद्धतीत असतात, त्यातही १० बिट, म्हणजे रंगांच्या जास्त छटांच्या. इंटेलमध्ये १० बिट एचईव्हीसी चिपवरच, म्हणजे तिच्यातल्या व्हिडिओसाठीच्या खास भागात, उलगडायची पूर्ण सोय सातव्या पिढीपासून आली. चौथ्या पिढीत ती नाही, म्हणजे सगळं काम प्रोसेसरच्या डोक्यावर, दोन तास तो १०० टक्क्यांवर पळतो, तापणारच. जुन्या एच २६४ फाइलींना मात्र ही अडचण नाही, त्या चिपवर उलगडतात. कोडीत सिनेमा चालू असताना ओ दाबा, डीकोडरचं नाव दिसेल, त्यात डीएक्सव्हीए दिसलं तर हार्डवेअर काम करतंय, नाहीतर सॉफ्टवेअर. एक एच २६४ आणि एक एचईव्हीसी असे दोन सिनेमे लावून तापमान ताडून बघा, उत्तर तिथेच मिळेल.

यूट्यूबचंही तसंच. ते व्हिडिओ व्हीपी९ किंवा एव्ही१ अशा दुसऱ्या पद्धतींत पाठवतं आणि या चिपला दोन्ही पेलत नाहीत. ब्राउझरमध्ये एच २६४ मागून घेणारं एक्स्टेंशन टाका, १०८० पीच्या वर जाता येणार नाही पण प्रोसेसर शांत राहील.

रिमोटवाला:
धन्यवाद सगळ्यांना, एवढं नीट कुणी सांगितलं नव्हतं. करून बघितलं ते लिहितो. कुलर काढून साफ केला, पेस्ट नवी लावली, अँप्लिफायर दुसऱ्या कप्प्यात हलवला, कपॅसिटर सगळे सपाट आहेत. मेमटेस्ट रात्रभर चालू ठेवला, एरर शून्य. एच २६४ सिनेमाला प्रोसेसर ५५ च्या आसपास राहतो आणि एचईव्हीसी १० बिटला ८५ च्या पुढे जातो, कप्प्याचं दार लावलं की ९० च्या वर, म्हणजे चौथा फाटा यांचं तंतोतंत बरोबर.

पण गोठणं चालूच आहे. काल परत झालं आणि लॉगमधली शेवटची ओळ ५२ अंश. नम लॉकचा दिवा लागत होता, माउसचा बाण थोडा वेळ हलत होता पण क्लिक केलं की काही उघडत नव्हतं, सिनेमा आणखी काही सेकंद चालला आणि मग थांबला, डिस्कचा लाल दिवा सलग पेटलेला. एकदा तर अर्ध्या-पाऊण मिनिटाने आपोआप परत सुरू झाला. बी वाली युक्ती केली, काही फरक नाही.

सावकाश:
५२ अंशांवर गोठला म्हणजे उष्णतेवरचा थेट आरोप गेला. आणि तुम्ही लक्षणं फार छान टिपलीत, बाण हलतो, नवीन काही उघडत नाही, दिवा सलग पेटलेला, ही डिस्क उत्तर देत नसल्याची खूण आहे. जे आधीच मेमरीत आलंय ते चालतं, डिस्कवरून काही मागितलं की सगळे रांगेत उभे.

इव्हेंट व्ह्यूअर ही विंडोजची नोंदवही उघडा, विंडोज लॉग्समध्ये सिस्टिम. कर्नल पॉवर ४१ असं लाल दिसेल, त्याकडे दुर्लक्ष करा, मशीन नीट बंद झालं नाही एवढंच ते सांगतं, कारण सांगत नाही. त्याच्या आधीच्या काही मिनिटांतलं बघा. स्टोरएएचसीआय १२९ किंवा डिस्क १५३, म्हणजे डिस्कने वेळेत उत्तर न दिल्याची नोंद, आहे का? डब्ल्यूएचईए असं काही असेल तर तेही कळवा, ते प्रोसेसर, मेमरी किंवा पीसीआयच्या चुका सांगतं. मग क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत सांगणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही डिस्का बघा. ०५, सी५, सी६ हे आकडे वाढले असतील तर हार्डडिस्कचा पृष्ठभाग बिघडतोय, तातडीने बॅकअप घ्या. सी७ म्हणजे सीआरसी एरर, डेटा वाटेत बिघडून पोचल्याची चूक, ती बहुतेक वेळा डिस्कची नसून केबलची असते. हा आकडा नवी केबल लावल्यावरही कमी होत नाही, फक्त वाढायचा थांबतो, त्यामुळे आजचा लिहून ठेवा.

रिमोटवाला:
१२९ भरपूर आहेत, प्रत्येक गोठण्याच्या आधी. डब्ल्यूएचईए एकही नाही. हार्डडिस्क स्वच्छ, पण एसएसडीचा सी७ बराच मोठा आहे आणि काल रात्रीपासूनही वाढला. झाकण उघडून बघितलं तर एसएसडीची केबल ऑप्टिकल ड्राइव्हच्या कोपऱ्यात काटकोनात दुमडून झाकणाखाली दाबली गेली आहे.

धूळभेट:
मग तीच. बारीक केसमध्ये हे होतंच. क्लिपवाली, एका बाजूला वळलेल्या टोकाची छोटी केबल घ्या आणि लावताना मदरबोर्डवरचा पोर्टही बदला, म्हणजे पोर्ट सैल झालेला असला तरी तोही प्रश्न मिटेल. त्याआधी एसएसडीवरचं महत्त्वाचं काढून ठेवा.

रिमोटवाला:
केबल आणि पोर्ट दोन्ही बदलले. तेव्हापासून सी७ जागच्या जागी, १२९ एकही नाही, सलग सिनेमे लावले, रात्रभर मेन्यू उघडा ठेवला, एकदाही गोठला नाही. सावकाश, तुमच्यामुळे वाचलो, नाहीतर कुलर घेऊन आलो असतो. आता एचईव्हीसीचं तेवढं राहिलं. टीव्ही ४के आहे. ग्राफिक्स कार्ड घालू का डबा बदलू?

चौथा फाटा:
अर्धी उंची बसेल असं जीटी १०३० चालेल, जीडीडीआर५ मेमरीवालं घ्या, साधारण ३० वॉट खातं, वेगळी पॉवर वायर लागत नाही आणि बिनपंख्याचंही मिळतं, पण बिनपंख्याचं तुमच्या बंद कप्प्यात नको. एचईव्हीसी १० बिट आणि व्हीपी९ दोन्ही आरामात. शिवाय तुमच्या बोर्डाचा एचडीएमआय ४के फार तर ३० हर्ट्झला देतो, या कार्डाने ६० मिळेल. एव्ही१ मात्र त्यात नाही. एव्ही१ हवं असेल तर या जुन्या बोर्डावर खर्च करण्यात अर्थ नाही, इंटेलच्या एन१०० वाला छोटा डबा घ्या, ६ वॉटचा प्रोसेसर आहे, तिन्ही प्रकार चिपवर उलगडतो आणि हार्डडिस्क यूएसबीच्या खोक्यात लावता येते. विंडोज १० चे अपडेट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपले आणि चौथी पिढी विंडोज ११ च्या यादीत नाही, हेही मोजा. मी असतो तर एन१०० घेतला असता.

सावकाश:
मीही तेच म्हणेन, पण घाई नाही. तोवर एचईव्हीसी लावाल तेव्हा कप्प्याचं दार उघडं ठेवा, आणि कपाटाची मागची फळी काढता येत असेल तर काढूनच टाका. गरम हवा मागून बाहेर गेली पाहिजे, दार लावलेल्या कप्प्यात पंखा कितीही जोरात फिरला तरी तीच हवा पुन्हा ओढत बसतो. नवीन डबा घेतलात तरी हे करावंच लागेल.