अदिस अबाबामध्ये एका दिवसात काय बघावं? मदत हवी आहे (अर्जंट)

सचिन_डोंबिवली
मंडळी, इथिओपियाच्या राजधानीत, अदिस अबाबाला एक पूर्ण दिवस मिळतोय. नेटवर नुसत्या याद्या आहेत आणि प्रत्येक यादीत तेच, ल्यूसीचा सांगाडा, मर्काटोचा बाजार, एन्टोटोचा डोंगर, पण एका दिवसात खरंच किती होतं आणि काय सोडलं तरी चालेल हे कोणीच सांगत नाही. दिवसभरासाठी गाडी मिळते का आणि शाकाहारी जेवणाचं काय करायचं तेही सांगा. तिकिटं झालीत, निघायला तीन आठवडे राहिलेत, म्हणून ज्यांनी स्वतः बघितलंय त्यांनी प्लीज लवकर लिहा.

गिरीभ्रमण
कधी जाताय? कितीजण? मुक्काम कुठे?

आफ्रिकारिटर्न
मी तीन वर्षं होतो तिथे, कापडाच्या कारखान्यात. डोळे मिटून नॅशनल म्युझियम करा. ल्यूसी म्हणजे ३२ लाख वर्षांपूर्वीची आपली पूर्वज, १९७४ साली अफार भागात हदार इथे सापडली, जेमतेम साडेतीन फूट उंची. तिथले लोक तिला दिन्किनेश म्हणतात. त्या छोट्याशा सांगाड्यासमोर उभं राहिलं की अंगावर काटा येतो. मी पाहुण्यांना घेऊन किमान दहा वेळा गेलो असेन आणि दहाही वेळा तसंच झालं.

गिरीभ्रमण
पण तिथे मांडलेली ल्यूसी प्रतिकृती आहे हेही सांगा ना. खरी हाडं तिजोरीत असतात. एकच दिवस असेल तर मी प्रतिकृती बघण्यात घालवणार नाही, सरळ एन्टोटोचा डोंगर गाठीन. वर सम्राट मेनेलिकचा जुना राजवाडा आहे, एन्टोटो मरियमचं चर्च आहे, सगळीकडे निलगिरीची झाडं आणि खाली अख्खं शहर. सरपण संपलं म्हणून मेनेलिकच्या काळात ऑस्ट्रेलियातून निलगिरी आणून लावली, त्या जंगलातून चालताना जो वास येतो तो कुठल्या म्युझियममध्ये मिळणार?

आफ्रिकारिटर्न
प्रतिकृती आहे म्हणून कमी होतं का काही? आणि त्या इमारतीत फक्त ल्यूसी नाही, शेवटचा सम्राट हाइले सेलासी याचं सिंहासन आहे, जुने मुकुट आहेत, चित्रं आहेत. डोंगर सह्याद्रीत पण आहेत, रोज चढा.

सुगरण_अमरावती
शाकाहारी आहात तर अजिबात काळजी करू नका!! बुधवार शुक्रवार त्यांचे उपासाचे वार असतात, त्या दिवशी मांस अंडी दूध तूप काही नाही. हॉटेलात 'ये त्सोम बेयाय्नेतू' मागायचं, मोठ्या परातीएवढ्या इंजेरावर पाच-सात प्रकारच्या डाळी-भाज्या वाढून येतात, मसूर, वाटाणा, कोबी-गाजर, बीट, पालेभाजी. इंजेरा म्हणजे आपली आंबोळीच, फक्त टेफ नावाच्या धान्याची, राजगिऱ्याहून बारीक दाणा, पीठ दोन-तीन दिवस आंबवतात त्यामुळे चांगलीच आंबट आणि वरून जाळीदार. मी इथे नाचणी आणि थोडी ज्वारी घालून करून बघितली, जाळी छान पडली पण ती आंबट चव नाही आली. कोणाला टेफचं पीठ भारतात कुठे मिळतं माहीत आहे का?

सचिन_डोंबिवली
ताई धन्यवाद, पण मला आधी ठिकाणं सांगा. तारीख १९ जानेवारी. मी आणि आई. आई ६६ वर्षांची, गुडघे दुखतात पण सपाटीवर चालते. मुक्काम हॉटेलात, एअरलाईनकडून मिळेल असं एजंट म्हणाला.

मुक्ता_न
एअरलाईनकडून म्हणजे? तुम्ही अदिसला राहायला चाललाय की विमान बदलताय?

सचिन_डोंबिवली
बदलतोय. बहीण जोहान्सबर्गला असते, तिच्याकडून परत येताना १८ ला रात्री अदिसला पोचतो आणि १९ ला रात्री मुंबईची फ्लाईट. त्याने काय फरक पडतो, दिवस तर पूर्ण मिळतोय.

मुक्ता_न
सचिन, खूप फरक पडतो, हे नीट वाचा. पीतज्वराचा (यलो फीव्हर) धोका असलेल्या देशांच्या भारताच्या यादीत इथिओपिया आहे. विमानतळाच्या आतच थांबून पुढचं विमान पकडलं तर सूट असते, पण शहरात एक पाऊल टाकलं की मुंबईत उतरल्यावर पीतज्वराच्या लशीचं पिवळं कार्ड दाखवावं लागतं. नसेल तर ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रावरच घ्यायची, आणि घेतल्यापासून १० दिवसांनी ग्राह्य धरतात. तुमच्याकडे तीनच आठवडे आहेत आणि केंद्रांवर वार आणि नंबर ठरलेले असतात. उद्याच फोन करा. आणि आई साठीच्या वर आहेत, पहिल्यांदाच घेणार असतील तर त्यांना द्यायची की नाही ते डॉक्टर ठरवतील, सगळी औषधं सांगा, स्वतः काही ठरवू नका. मी तिथल्या विद्यापीठात चार वर्षं शिकवलं, सुट्टीला येताना माझ्या पुढे रांगेत एका कुटुंबाचं कार्ड नव्हतं, त्या माणसाचा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे.

सचिन_डोंबिवली
बापरे. एजंटने एका शब्दाने सांगितलं नाही. व्हिसा ऑनलाईन होतो एवढंच म्हणाला.

नानासाहेब_५५
एका दिवसासाठी एवढा खटाटोप कशाला, त्यापेक्षा नैरोबीमार्गे तिकीट करा. शहराला लागूनच नॅशनल पार्क आहे, ११७ चौरस किलोमीटर, सिंह-गेंड्यांच्या मागे उंच इमारती दिसतात. आम्ही २०१७ ला सहकुटुंब गेलो होतो, नातवाने सिंहीण बघितली ती त्याला अजून आठवते. अदिसमध्ये काय आहे?

आफ्रिकारिटर्न
काका, त्यांची तिकिटं झालीत. आणि पीतज्वराच्या यादीत केनियाही आहे.

इतिहासवेडा
अदिसमध्ये काय आहे म्हणता? ज्या हबशी देशातून आपला मलिक अंबर आला तो देश आहे तो. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला पोर निजामशाहीचा वजीर झाला, खडकी (आजचं छत्रपती संभाजीनगर) वसवली, नहरीने पाणी आणलं, १६२४ ला भातवडीला शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. खुलताबादला त्याची कबर आहे, किती मराठी लोक जातात तिथे? इथिओपियाला जाणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाने आधी खुलताबादला जाऊन यावं असं मला मनापासून वाटतं.

गिरीभ्रमण
विषय चांगला आहे पण वेगळा धागा काढा ना. सचिन, १९ जानेवारी नक्की ना? कारण मग सगळाच प्लॅन बदलतो. त्या दिवशी टिमकत आहे!

सचिन_डोंबिवली
टिमकत म्हणजे? बंद वगैरे असतं का सगळं?

गिरीभ्रमण
त्यांचा सगळ्यात मोठा सण, येशूच्या बाप्तिस्म्याचा. सार्वजनिक सुट्टी, त्यामुळे म्युझियम उघडं आहे का ते आधी विचारल्याशिवाय जाऊ नका. पण म्युझियम विसरा. १८ ला दुपारपासून प्रत्येक चर्चमधून ताबोत निघतो, म्हणजे करारकोशातल्या (बायबलमधल्या दहा आज्ञांच्या पेटीतल्या) पाट्यांची प्रतिकृती, जरीच्या कापडात गुंडाळून पुजारी डोक्यावर घेतात, वर रंगीत मखमली छत्र्या, पुढे ढोल, मागे पांढऱ्या कपड्यांत हजारो माणसं. सगळे जान मेदा मैदानावर जमतात, ताबोत रात्रभर तंबूत राहतात, १९ ला पहाटे प्रार्थना आणि मग पाण्याला आशीर्वाद देऊन ते लोकांवर उडवतात. नंतर ताबोत वाजतगाजत परत आपापल्या चर्चला. पोरं पुढे पळत जाऊन रस्त्यावर लाल गालिचा अंथरतात, पुजारी पुढे गेले की मागचा गुंडाळून परत पुढे पळतात. मी बघितलं तेव्हा मला आपली वारीच आठवली.

आफ्रिकारिटर्न
हे मात्र खरं. मी तीन वर्षांत दोनदा बघितलं, ल्यूसीसाठी मी भांडलो असलो तरी १९ जानेवारीला टिमकतच. पण ६६ वर्षांच्या बाईंना त्या गर्दीत नेणार? खिसेकापू असतात, रस्ते बंद असतात.

मुक्ता_न
मैदानाच्या मध्यात जायचंच नाही. दहानंतर ताबोत परत निघतात तेव्हा सिदिस्त किलो चौकाच्या बाजूला रस्त्याच्या कडेला उभं राहायचं, मिरवणूक समोरून जाते. तिथून विद्यापीठ जवळ आहे, आत हाइले सेलासीचा जुना राजवाडा, त्यातच एथ्नॉलॉजिकल म्युझियम. चालू असेल तर ते नॅशनलपेक्षा मला दहापट आवडतं, सम्राटाची झोपायची खोली अजून आहे. बाहेर एक जिना आहे जो कुठेच जात नाही, इटालियन लोकांचा कब्जा होता तेव्हा त्यांनी मुसोलिनीच्या सत्तेच्या दरवर्षाची एक पायरी अशा पायऱ्या बांधल्या, ते गेल्यावर इथिओपियाने वरच्या पायरीवर आपला सिंह बसवला. मी विद्यार्थ्यांबरोबर त्या पायऱ्यांपाशी कितीदा बसलेय.

एन्टोटो आईंसाठी नको. अदिसच २३०० मीटरच्या वर आहे, आपलं कळसूबाई १६४६, आणि एन्टोटो तीन हजारच्या पुढे. सपाटीवर चालताना पण पहिल्या दिवशी धाप लागते. मर्काटोही नको. खरेदी करायचीच तर शिरो मेदाच्या बाजारात पांढऱ्या सुती शाली, नेतेला म्हणतात, काठाला रंगीत विणकाम असतं, आपल्या नऊवारीच्या काठासारखं. सणाला दुकानं उघडी असतील तर.

नानासाहेब_५५
मर्काटो का नको? आफ्रिकेतला सगळ्यात मोठा बाजार म्हणतात.

मुक्ता_न
म्हणूनच नको काका, गुडघे.

सुगरण_अमरावती
कॉफी राहिली!!! कॉफीच्या बियांचा उगमच तिकडचा. घरगुती कॉफी प्या, मशीनची नको. खाली गवत पसरतात, धूप लावतात, कच्च्या हिरव्या बिया धुऊन आपल्यासमोर तव्यावर भाजतात, काळसर तुकतुकीत झाल्या की तो तवा प्रत्येकाच्या नाकासमोरून फिरवतात आणि आपण हाताने धूर आपल्याकडे ओढून घ्यायचा, आपण आरती घेतो ना अगदी तसा. मग खलात कुटून जेबेनात उकळतात, काळं मातीचं लांब मानेचं भांडं. तीन फेऱ्या असतात, अबोल, तोना, बराका, तिसरी घेतल्याशिवाय उठू नका. आणि जेवताना कोणी घास करून तुमच्या तोंडात भरवला तर नको म्हणू नका, त्याला गुर्शा म्हणतात, प्रेमाने भरवतात.

सचिन_डोंबिवली
अपडेट. काल केंद्रावर फोन केला, पुढच्या सोमवारचा नंबर मिळाला, दहा दिवस व्यवस्थित भरतात. आईच्या डॉक्टरांनी जुने रिपोर्ट बघितले आणि लस घ्यायला हरकत नाही म्हणाले. मुक्ताताई, तुम्ही विचारलं नसतं तर मी आईला घेऊन विमानतळावर अडकलो असतो, मनापासून आभार. आईला मिरवणुकीचं वाचून दाखवलं, ती बाबांबरोबर दोनदा वारीला गेलीय, आता ती म्युझियमचं नावच घेत नाही. फक्त आता गाडीचं सांगा, किती पैसे होतील?

आफ्रिकारिटर्न
जुने आकडे सगळे विसरा, २०२४ च्या जुलैत बिरचा (तिथलं चलन) दर बाजारावर सोडला तेव्हापासून सगळं बदललंय. 'राइड' किंवा 'फेरेस' हे टॅक्सीचं ॲप टाका, किंवा हॉटेलला आदल्या रात्री सांगून दिवसभराची गाडी ठरवा. बोले विमानतळ शहरातच आहे, अंतर काही नाही, पण त्या दिवशी रस्ते बंद असतात म्हणून परत निघायला हाताशी भरपूर वेळ ठेवा.

गिरीभ्रमण
स्वेटर घ्या, जानेवारीत पहाटे कडाक्याची थंडी असते. आईंना पांढरी ओढणी किंवा शाल, डोकं झाकायला. चर्चच्या आत चपला बाहेर काढायच्या.

मुक्ता_न
आणि गाडी ठरवताना एक गोष्ट विसरू नका. तिथलं घड्याळ सकाळी सहाला सुरू होतं. आपले सात म्हणजे त्यांचा एक, आपले नऊ म्हणजे त्यांचे तीन. पहिल्याच महिन्यात मला ड्रायव्हर 'दोन वाजता' म्हणाला, मी दुपारी तयार होऊन बसले आणि तो बिचारा सकाळी आठला येऊन तासभर थांबून गेला होता. तुम्हाला साडेआठला निघायचं असेल तर त्याला अडीच सांगा, आणि हॉटेलच्या काउंटरवरून त्याच्याशी तिथल्या अम्हारिक भाषेत एकदा बोलून खात्री करून घ्या.

सचिन_डोंबिवली
साडेआठ म्हणजे अडीच. लिहून ठेवलं.