सीटीपीएमध्ये (फुफ्फुसांच्या धमन्यांचा कॉन्ट्रास्ट देऊन केलेला सीटी) पल्मनरी आर्टरी (हृदयातून फुफ्फुसांकडे जाणारी धमनी) फिकी येते, अयोर्टा (महाधमनी) मात्र भरलेला. कारण काय?

६४ स्लाइस मशीन. ३५० चं (मिलीला ३५० मिग्रॅ आयोडीन) कॉन्ट्रास्ट ७० मिली, सेकंदाला ४ मिली, मागून ३० मिली सलाइन. उजव्या कोपरात हिरवा व्हेनफ्लॉन (शिरेतली नळी). ट्रॅकिंग (कॉन्ट्रास्ट पोचलं का यावर मशीनची नजर) मुख्य पल्मनरी आर्टरीवर, ट्रिगर (स्कॅन सुरू होण्याची पातळी) १०० एचयू (हाउन्सफील्ड युनिट, उजळपणाचं माप), १२० केव्ही (एक्स-रे ट्यूबचं व्होल्टेज). काही पेशंटमध्ये एसव्हीसी (वरून हृदयात येणारी मोठी शीर) लख्ख, अयोर्टाही छान, पण पल्मनरी आर्टरी जेमतेम १५० एचयू. ट्रिगर उशिरा लागला म्हणावं, तर एसव्हीसी अजून भरलेली कशी? कॉन्ट्रास्ट वाढवू का?

उत्तर १
कॉन्ट्रास्ट वाढवू नका, घोळ श्वासाचा आहे. पेशंटने छाती भरून श्वास घेतला की छातीतला दाब एकदम उतरतो आणि पोटाकडून आयव्हीसीतलं (खालून हृदयात येणारी मोठी शीर) कोरं, म्हणजे कॉन्ट्रास्ट नसलेलं रक्त उजव्या एट्रियममध्ये (हृदयाच्या वरच्या कप्प्यात) घुसतं. नेमका तेवढाच तुकडा पातळ होतो. त्याच्या पुढचं कॉन्ट्रास्ट अयोर्टात पोचलेलं असतं, मागचं एसव्हीसीत असतं. म्हणून दोन्ही टोकं उजळ आणि मधलं फिकं.

मशीनमधली ‘दीर्घ श्वास घ्या’ ही सूचना या स्कॅनला बंद करा. ‘साधा श्वास घ्या, आता थांबा’ असं मराठीत रेकॉर्ड करा आणि इंजेक्शनआधी टेबलावरच दोनदा करून घ्या. पेशंट कुंथत नाही ना, तेही बघा. स्कॅन खालून वर घ्या: श्वास सुटला तरी तोवर फुफ्फुसांचे तळ झालेले असतात.

उत्तर २
वरच्याशी सहमत. शिवाय सडपातळ पेशंटला १२० केव्ही कशाला? १०० वर या. आयोडीनची के-एज (ज्या ऊर्जेला ते एक्स-रे एकदम जास्त शोषू लागतं) ३३.२ केईव्ही, केव्ही उतरवला की बीमची सरासरी ऊर्जा तिच्या जवळ येते आणि तेवढ्याच कॉन्ट्रास्टमध्ये एचयू चढतात. नॉइज थोडा वाढेल, एमए मॉड्युलेशन (पेशंटच्या जाडीप्रमाणे ट्यूबचा करंट आपोआप बदलणं) चालू ठेवा.

प्रश्नकर्ता
धाप लागलेला पेशंट श्वास धरूच शकत नसेल तर? आणि गरोदर बाई असेल तर?

उत्तर १
धापेत श्वास धरायला लावूच नका. हळू, उथळ श्वास चालू ठेवून जास्त पिच (टेबल भरभर सरकवणं) आणि सर्वांत कमी रोटेशन टाइमवर घ्या. थोडं हललेलं चालतं, फिकी आर्टरी नाही. गरोदरपणात रक्ताचं प्रमाण आणि कार्डिॲक आउटपुट दोन्ही वाढलेले, त्यामुळे हा त्रास जास्त. तिथे श्वासाची तालीम सोडू नका.

फिका स्कॅन आला तरी लगेच रिपीट नको. सेगमेंटल (फुफ्फुसाच्या एकेका भागाकडे जाणाऱ्या) फांद्यांपर्यंत वाचता येतंय का, ते आधी रेडिओलॉजिस्टला विचारा. आणि श्वास नीट असूनही अयोर्टा पल्मनरी आर्टरीपेक्षा आधी उजळत असेल, तर पीएफओतून (दोन एट्रियममधलं न बुजलेलं छिद्र) उजवीकडून डावीकडे शंट, म्हणजे रक्ताची आडवाट, आहे का, ही शंका त्यांच्या कानावर घाला.