मदत हवी आहे : रेड सॉक्स २००४, चौथ्या सामन्यातली ती बेसचोरी समजावून सांगा

डावखुरा (धागाकर्ता)

बोस्टन रेड सॉक्स या बेसबॉल संघाच्या २००४च्या पुनरागमनावरचा माहितीपट पाहिला. न्यूयॉर्क यांकीजविरुद्ध सात सामन्यांच्या मालिकेत ०-३ पिछाडी, त्यातला तिसरा सामना घरच्या फेनवे पार्कवर १९-८ असा गमावलेला, आणि तिथून सलग चार विजय. अंगावर काटा आला! पण आमची सगळी मंडळी क्रिकेटवर वाढलेली. त्यांना शनिवारी दाखवायचा आहे, तेव्हा प्रश्न येणारच. डेव्ह रॉबर्ट्स पहिल्या बेसवरून दुसऱ्यावर पळाला, तर त्याचं एवढं कौतुक का? स्कोअरकार्डात त्याच्या नावापुढे बॅटिंगचा रकाना शून्य आहे, ते कसं? आणि सहाव्या सामन्यात यांकीजचा ए-रॉड (ॲलेक्स रॉड्रिग्ज) आधी सुरक्षित होता, मग बाद कसा झाला? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावं.

शॉर्टस्टॉप

आधी परिस्थिती पक्की करा, नाहीतर चोरीची, म्हणजे फटक्याची वाट न बघता पुढच्या बेसवर पळण्याची, किंमत कळणार नाही. १७ ऑक्टोबर, चौथा सामना, नववी म्हणजे शेवटची इनिंग, यांकीज ४-३ने पुढे. पिचर मारियानो रिवेरा, आठव्या इनिंगपासून टाकत होता. एकही बाद नाही. केव्हिन मिलारने वॉक मिळवला, म्हणजे चार चेंडू पट्ट्याबाहेर सोडून पहिला बेस फुकट घेतला. मिलार पायाने जड, म्हणून त्याच्या जागी रॉबर्ट्स पळायला आला. क्रिकेटमधला जुना रनर इथे आठवू नका. बेसबॉलमध्ये ज्याला बाहेर काढलं तो त्या सामन्यात परत येत नाही. म्हणजे रेड सॉक्सनी एक फलंदाज कायमचा खर्च करून पाय विकत घेतले. पळायला आलेल्याच्या वाट्याला बॅटिंग आली नाही, म्हणून रकाना शून्य, पण धाव मात्र त्याच्या नावावर. त्या संपूर्ण मालिकेत रॉबर्ट्सने बॅट हातात धरलीच नाही.

आता गणित. दोन बेसमधलं अंतर ९० फूट. पळणारा साधारण १२ फूट पुढे सरकून उभा राहतो. पिचरने हालचाल सुरू केल्यापासून चेंडू कॅचरच्या हातमोज्यात पडेपर्यंत सुमारे १.३ सेकंद, तिथून दुसऱ्या बेसवर फेकायला जवळपास २ सेकंद. एकूण ३.३. चांगल्या पळणाऱ्यालाही उरलेल्या अंतराला तेवढाच वेळ लागतो. त्यात रॉबर्ट्सवर सक्ती नव्हती, म्हणजे नुसता बेसला पाय लावून त्याला बाद करता येत नव्हतं, चेंडू अंगाला टेकवावा लागत होता. यांकीजचा कॅचर पोसाडा याची फेक उत्तम होती. दुसऱ्या बेसवर चेंडू घेतलेल्या जीटरने टॅग खाली आणला तेव्हा डोकं पुढे घालून घसरलेल्या रॉबर्ट्सचा हात बेसवर पोचलेला होता. बस, तेवढंच अंतर.

आणि दुसरा बेस कशासाठी? पहिल्यावरून साध्या एका फटक्यावर धाव होत नाही, दुसऱ्यावरून होते. शिवाय एकाच चेंडूवर दोघे बाद होण्याचा धोका टळतो. बिल म्युलरचा पुढचा फटका रिवेराच्या बाजूने मधून गेला, रॉबर्ट्स घरी, म्हणजे धाव पूर्ण, ४-४. तो पहिल्यावरच असता तर त्याच फटक्यावर जेमतेम तिसऱ्यावर गेला असता.

निळी टोपी

शॉर्टस्टॉप यांच्याशी सहमत, पण एक भर. माहितीपटात चोरी क्षणात उरकते. पूर्ण सामना मिळाला तर मिलारच्या बॅटिंगपासून बघा. रॉबर्ट्सला बाद करायला रिवेराने पहिल्या बेसकडे तीन वेळा चेंडू फेकला, तिसऱ्या वेळी तो थोडक्यात वाचला. यांकीजच्या सगळ्या खेळाडूंना, सगळ्या प्रेक्षकांना माहीत होतं की हा पळणार, आणि तरी तो म्युलरला टाकलेल्या पहिल्याच चेंडूवर पळाला! २००४च्या मोसमात ४१ प्रयत्नांत ३८ चोऱ्या साधलेला माणूस, ३१ जुलैला डॉजर्सकडून आणलेला, तो नेमका याच कामासाठी.

शनिवारी मंडळींना हेही सांगा की आजच्या नियमाने ते दृश्य घडलंच नसतं. २०२३पासून एका फलंदाजाच्या वेळी पिचरला दोनदाच अशी फेक करता येते. तिसऱ्या फेकीत पळणारा बाद झाला नाही तर त्याला पुढचा बेस आपोआप मिळतो. बेसही १५ इंचांचे १८ इंच झाले आहेत.

डावखुरा

वा, हे फार छान समजलं. म्हणजे सगळी मालिका त्या एका चोरीने फिरली म्हणायची?

कोरा फळा

नाही, इथे मी ठामपणे वेगळं सांगेन. चोरीने फक्त बरोबरी झाली. बरोबरीमुळे लांबलेला सामना बाराव्या इनिंगमध्ये डेव्हिड ऑर्टीझच्या होम रनने, म्हणजे थेट मैदानाबाहेर गेलेल्या फटक्याने, ६-४ संपला, पाच तास दोन मिनिटांनी. मधल्या तीन इनिंग कुणी रोखून धरल्या? ॲलन एम्ब्री, कर्टिस लेस्कॅनिक यांसारख्या नंतर येणाऱ्या पिचरनी. कीथ फोकने तर चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या सामन्यात मिळून सुमारे १०० चेंडू टाकले, तेही लागोपाठ तीन दिवसांत. शेवटच्या इनिंगसाठी ठेवलेल्या पिचरला एवढं काम सहसा कुणी देत नाही. आणि टिम वेकफिल्ड! तिसऱ्या सामन्यात हार दिसत असताना बाकीच्यांचे हात वाचावेत म्हणून तो टाकायला आला आणि चौथ्या सामन्याची सुरुवात करण्याची स्वतःची संधी सोडली. मग पाचव्या सामन्यात अखेरच्या तीन इनिंग त्याच्याच. त्याचा नकलबॉल, म्हणजे जवळजवळ न फिरता वेडावाकडा जाणारा चेंडू, झेलताना कॅचर व्हॅरिटेककडून तो तीनदा सुटला, ती तेरावी इनिंग डोळे झाकूनच बघावीशी वाटते. पण धाव दिली नाही.

त्याच सामन्यातलं एक दृश्य बहुतेकांच्या नजरेतून सुटतं. नवव्या इनिंगमध्ये ४-४ असताना यांकीजच्या टोनी क्लार्कचा फटका उजव्या कोपऱ्यातल्या बुटक्या भिंतीवरून टप्पा घेऊन प्रेक्षकांत गेला. टप्पा पडून बाहेर गेला की प्रत्येकाला दोनच बेस. पहिल्यावरून सुटलेल्या सिएराला तिसऱ्यावर थांबावं लागलं. चेंडू मैदानातच राहिला असता तर तो घरी पोचण्याची दाट शक्यता होती, आणि मग ऑर्टीझचा चौदाव्या इनिंगमधला विजयी फटका कुणी पाहिलाच नसता.

शॉर्टस्टॉप

हे मान्य. पाचव्यात रॉबर्ट्स पुन्हा मिलारच्याच जागी पळाला, हेही दाखवा. निक्सनच्या फटक्यावर तो तिसऱ्यावर, व्हॅरिटेकचा उंच फटका झेलला गेल्यावर पळून घरी. ती धाव यांकीजचा आधीचा पिचर टॉम गॉर्डन याच्या खात्यात, कारण पळणाऱ्यांना बेसवर त्याने येऊ दिलं होतं. पण आघाडी गेली ती रिवेरा टाकत असताना, म्हणून ब्लोन सेव्ह, म्हणजे राखायची आघाडी गमावल्याची नोंद, रिवेराच्या नावावर. स्कोअरकार्ड वाचताना इथे हमखास गोंधळ होतो.

ए-रॉडचं सोपं आहे. सहावा सामना, आठवी इनिंग, रेड सॉक्स ४-२ने पुढे. त्याने मारलेला चेंडू रेड सॉक्सचा पिचर ब्रॉन्सन अरोयोने उचलला आणि टॅग करायला हात पुढे केला, तोच ए-रॉडने त्याच्या हातमोज्यावर हाताने फटका मारला. चेंडू उडाला, जीटर पहिल्यावरून थेट घरी. बेसकडे पळताना धडक झाली तर वेगळी गोष्ट, पण हाताने चेंडू पाडणं हा सरळ अडथळा. त्या काळी व्हिडिओ तपासणी नव्हती, सगळे अंपायर एकत्र आले आणि बोलून निर्णय फिरवला. ए-रॉड बाद, जीटर परत पहिल्यावर. त्याच सामन्यात रेड सॉक्सच्या मार्क बेलहॉर्नचा फटकाही आधी डबल, म्हणजे दोन बेसचा, दिला होता, तो असाच चर्चेनंतर तीन धावांचा होम रन ठरला. दोन्ही वेळा अंपायर बरोबर होते.

निळी टोपी

रेड सॉक्सचा पिचर कर्ट शिलिंग याच्या रक्ताळलेल्या मोज्याबद्दल कुणी विचारणारच, म्हणून लिहितो. तो उजव्या हाताचा पिचर, म्हणजे उजव्या पायाने जमिनीला रेटा देऊन टाकणार, आणि त्याच घोट्याजवळ स्नायूबंध जागेवर धरणारं आवरण फाटलेलं. पहिल्या सामन्यात बंध सरकत राहिला आणि तीन इनिंगमध्ये सहा धावा गेल्या. मग डॉक्टरांनी कातडी आतल्या थराला टाके घालून बंध अडकवून ठेवला. सहाव्यात त्याने सात इनिंग टाकल्या, एकच धाव. बंट करून, म्हणजे चेंडू हळूच समोर टेकवून, त्याला त्या पायावर धावायला का लावलं नाही, हा यांकीजच्या चाहत्यांचा आजही जळता प्रश्न आहे. आणि तो रास्त आहे.

वेळ कमी असेल तर हा क्रम घ्या : चौथ्याची नववी आणि बारावी, पाचव्याची आठवी, नववी, तेरावी, चौदावी, सहाव्याची चौथी आणि आठवी. सातवा १०-३ असा एकतर्फी आहे, त्यातली दुसरी इनिंग पुरे. जॉनी डेमनचा भरल्या बेसवरचा होम रन तिथेच आहे.