गिरणीच्या पत्र्यावर फिरकी बसवली तरी उकाडा जाईना, काय चुकलं?

राम राम मंडळी. यावल तालुक्यात आमची पिठाची गिरणी आहे, वर पत्रे, उंची १५-१६ फूट. मे महिन्यात बाहेर ४३ असतं तेव्हा आत थर्मामीटर ५० दाखवतो, वरून मोटरची गरमी वेगळी, आणि नेमका तेव्हाच बिबडे-पापडाचा सीझन म्हणून गिरणी बंदही ठेवता येत नाही. गरम हवा वर जाते असं शाळेपासून ऐकतोय, म्हणून पत्रा कापून गरम हवा बाहेर सोडणारी ती स्टीलची गोल फिरकी बसवून घेतली. वारा आला की गरगर फिरते पण आत काडीचा फरक नाही. पीठ उडतं म्हणून खिडक्या बंदच असतात, दाराला प्लास्टिकचा जाड पडदा. फिटिंग करणारा म्हणतो अजून दोन बसवा. बसवू का?

आणि पोरगी आठवीत आहे, ती विचारते पप्पा गरम हवा वर जाते तर डोंगरावरचं तोरणमाळ थंड कसं. मी म्हटलं आधी जेव.

प्रतिसाद १
भाऊ, अजून एकही बसवू नका. गरम हवेला वर जायची हौस नसते, तिला कोणीतरी उचलावं लागतं. विहिरीत पोहायला शिकताना पाठीला डबा बांधायचो ना, डबा वर येतो कारण आजूबाजूचं पाणी त्याला वर ढकलतं, तसंच हे. हवा तापली की पसरते, म्हणजे तेवढ्याच जागेत कमी माल. बाहेरची ४३ ची हवा घनमीटरला साधारण १ किलो ११७ ग्रॅम, तुमच्या आतली ५० ची १ किलो ९३. फरक फक्त २४ ग्रॅमचा, एवढ्याशा जोरावर सगळा खेळ. बाहेरची जड हवा खालून आत शिरली तरच आतली वर सरकणार, आणि तुम्ही खालचा रस्ताच बंद करून बसलाय. सावलीच्या बाजूला जमिनीलगत विटा काढून जाळी लावा, फिरकीच्या तोंडापेक्षा मोठी.

प्रतिसाद २
बरोबर. पण पत्राच तापून खाली आग ओकतो ती गरमी हवेची नाही, ती फिरकीने जाणार नाही. वरून चुना मारा.
पोरीला सांगा, वर हवेचा दाब कमी, त्यामुळे चढणारी हवा फुगते आणि फुगताना स्वतःच थंड होते, कोरडी असेल तर किलोमीटरला साधारण १० डिग्री. तोरणमाळ हजार मीटरच्या वर आहे.

मूळ धागाकर्ता
निंबाच्या बाजूला सहा विटा काढल्या. गिरणी बंद असताना (चालू असताना नको, पिठाची धूळ पेट घेते) तिथे अगरबत्ती धरली तर धूर सरळ आत ओढला गेला! दुपारी आत ४६. चुना रविवारी. तोरणमाळचं उत्तर पोरीला पटलं, आता विचारते मग विमानात एसी कशाला.